शहराच्या निधीतून वस्तीचा उपक्रम: प्रथमच अर्ज करणाऱ्या रहिवाशांसाठी मार्गदर्शन

अनेक शहरांच्या अंदाजपत्रकात रहिवाशांनी स्वतः सुचवलेल्या आणि बहुतेक वेळा स्वतःच चालवायच्या कामांसाठी एक छोटी तरतूद राखून ठेवलेली असते. पडीक कोपऱ्यावर बाग फुलवणे, ओल्या कचऱ्याचे वस्तीतच खत करणे, बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करून देणारे केंद्र चालवणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची नियमित विचारपूस करणारा गट उभा करणे, अशी कामे या तरतुदीतून होतात. शहराच्या एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ असली, तरी पैसा सार्वजनिक असतो आणि त्यामुळे त्याच्यामागे नियम, कागदपत्रे व तपासणी ओघानेच येतात.

प्रथमच अर्ज करणाऱ्यांचा सर्वांत मोठा गैरसमज असा असतो की ही स्पर्धा कल्पनांची आहे. छाननीला बसलेल्या व्यक्तीपुढे बाग, खत, वाचनालय आणि सायकल यांविषयीचे पुष्कळ अर्ज आलेले असतात, त्यामुळे केवळ कल्पनेने ती सहसा चकित होत नाही. तिला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: हे काम नेमके कोण करणार, कोणत्या जागेवर करणार आणि अनुदान संपल्यानंतर ते कोण सांभाळणार. खालील पायऱ्या म्हणजे या तीन प्रश्नांची उत्तरे अर्ज भरण्यापूर्वीच मिळवून ठेवण्याची पद्धत आहे.

पहिली पायरी: निधी कोणत्या जातीचा आहे ते ओळखणे

'शहराचा निधी' या एकाच शब्दप्रयोगाखाली परस्परांहून अगदी भिन्न व्यवस्था येतात आणि एका व्यवस्थेसाठी लिहिलेला अर्ज दुसरीत सहसा चालत नाही. म्हणून योजनेची माहितीपत्रिका हाती येताच पैसा प्रत्यक्षात कोणाच्या हातात जाणार आहे हे आधी पाहावे.

पहिला प्रकार सहभागी अंदाजपत्रकाचा. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे या शहराने १९८९ मध्ये ही पद्धत सुरू केली आणि तेथून ती जगभर पसरली. यात रहिवासी कामे सुचवतात, प्रशासन ती शक्य आहेत की नाहीत ते तपासते आणि शेवटी रहिवासीच मतदानाने किंवा चर्चेने प्राधान्य ठरवतात. काम मात्र बहुतांश ठिकाणी शहराचेच विभाग करतात. पॅरिसने २०१४ मध्ये ही पद्धत स्वीकारली, तेव्हा २०२० पर्यंतच्या काळासाठी शहराच्या गुंतवणूक खर्चाचा सुमारे ५ टक्के वाटा, म्हणजे जवळजवळ ५० कोटी युरो, त्यासाठी राखून ठेवला. न्यू यॉर्कमध्ये २०११ साली चार नगरसेवकांच्या प्रभागांपासून सुरुवात झाली. पोलंडने तर २०१८ च्या कायद्याने मोठ्या शहरांना खर्चाच्या किमान ०.५ टक्के रक्कम अशा अंदाजपत्रकासाठी ठेवणे बंधनकारक केले.

या प्रकारातील एक अट नवख्यांना हमखास अडचणीत आणते. पॅरिस आणि न्यू यॉर्क येथील हा पैसा मुख्यतः भांडवली खर्चासाठी आहे. न्यू यॉर्कमध्ये तर भांडवली काम किमान पाच वर्षे टिकणारे असावे लागते. याचा सरळ अर्थ असा की झाडे, बाके, उतार, छत, नळ यांसाठी पैसे मिळतात. परंतु बागेत दर रविवारी शिकवायला येणाऱ्या व्यक्तीच्या मानधनासाठी ते मिळत नाहीत. तुमचा उपक्रम मुख्यतः माणसांच्या वेळेवर चालणार असेल, तर तो अशा योजनेत बसवण्याचा खटाटोप न करता दुसरी योजना शोधणे बरे.

दुसरा प्रकार थेट अनुदानाचा, ज्यात पैसा रहिवाशांच्या गटाकडे किंवा संस्थेकडे येतो आणि कामही त्यांनीच करायचे असते. याचे एक जुने आणि अभ्यासण्याजोगे उदाहरण म्हणजे अमेरिकेतील सिॲटल शहराचा १९८८ पासूनचा निधी. त्याचे तत्त्व बरोबरीच्या वाट्याचे आहे: शहर पैसा देते आणि वस्ती आपला वाटा घालते. हा वाटा रोख वर्गणीच्या रूपातच असावा लागत नाही. स्वयंसेवकांनी दिलेले तास, देणगीदाखल मिळालेले साहित्य, वास्तुरचनाकाराने विनामूल्य करून दिलेले आराखडे, हे सारे ठरावीक दराने मोजून वाट्यात धरले जाते. आपल्याकडच्या शब्दांत सांगायचे तर श्रमदान आणि लोकवर्गणी या दोन्हींना येथे हिशेबाच्या वहीत जागा मिळते. लिस्बनने २०११ मध्ये मागे पडलेल्या वस्त्यांसाठी सुरू केलेल्या कार्यक्रमात संस्थांनी भागीदारीत येऊन अर्ज करायचा असतो, सुरुवातीच्या फेऱ्यांत एका प्रकल्पाला कमाल ५० हजार युरो मिळत आणि अनुदानाचे वर्ष संपल्यानंतरही उपक्रम पुढे कसा टिकेल हे दाखवावे लागते. देखभालीची अट योजनेच्या गाभ्यातच असावी, हे मला या कार्यक्रमाचे सर्वांत शहाणपणाचे अंग वाटते.

तिसऱ्या प्रकारात शहर लोकवर्गणीला जोड देते. लंडनमध्ये महापौरांच्या कार्यक्रमातून अशी जोड दिली गेली आहे: गटाने आधी खुली मोहीम चालवून लोकांकडून छोट्या रकमा जमवायच्या आणि पाठिंबा दिसला की शहर आपला वाटा घालते. येथे तुमचा खरा अर्ज म्हणजे ती मोहीमच असते.

चौथा प्रकार पैशाचा नाहीच, तरीही तो विसरू नये. इटलीतील बोलोन्या शहराने २०१४ मध्ये एक नियमावली केली, जिच्या आधारे रहिवासी आणि शहर प्रशासन यांच्यात सहकार्याचा करार होतो: एखादा चौक, बाग किंवा भिंत रहिवासी सांभाळतात आणि शहर साहित्य, अवजारे, तांत्रिक सल्ला किंवा जागेचा वापर देते. बऱ्याच उपक्रमांना खरी गरज परवानगीची आणि पाण्याच्या जोडणीची असते, तरीही ते अनुदानाच्या रांगेत वर्षभर ताटकळत राहतात. अशांनी आधी असा करार होऊ शकतो का, हे विचारून पाहावे.

दुसरी पायरी: कल्पनेच्या आधी गरज मांडणे

समजा, वस्तीतील ओल्या कचऱ्याचे खत करायचे असे ठरले. बहुतेक अर्जांची सुरुवात 'पर्यावरणाचा ऱ्हास ही आज गंभीर समस्या आहे' अशा वाक्याने होते आणि त्या वाक्याने तुमच्या वस्तीबद्दल काहीच सांगितले जात नाही. त्याऐवजी दोन आठवडे वजनकाटा घेऊन बसावे. ४० घरांतून दररोज सरासरी अर्धा किलो ओला कचरा निघतो असे आढळले, तर दिवसाला २० किलो आणि महिन्याला ६०० किलो, हा तुमचा आधाराचा आकडा झाला. पुढे वर्षअखेरीस 'किती फरक पडला' असे विचारले जाईल, तेव्हा तुलना याच आकड्याशी करायची असते. सुरुवातीला मोजलेच नसेल, तर शेवटी काहीही सिद्ध करता येत नाही.

सामाजिक उपक्रमाची गरजही अशीच मोजता येते, फक्त काटा वेगळा असतो. दहा ज्येष्ठ रहिवाशांशी अर्धा-अर्धा तास बोलून, ते आठवड्यात कितीदा घराबाहेर पडतात, अडचणीत कोणाला हाक मारतात, दवाखान्यात कोणाबरोबर जातात, एवढे नोंदवले तरी अर्जात जिवंतपणा येतो. या संभाषणांचा आणखी एक उपयोग असा की कधी कधी मूळ कल्पनाच बदलते. वाचनालय हवे असे आपण गृहीत धरलेले असते आणि लोकांना बसायला सावलीची जागा हवी असते. असा बदल अर्जापूर्वी झाला तर नुकसान काहीच होत नाही, मंजुरीनंतर झाला तर सुधारित मान्यतेसाठी पुन्हा खेटे घालावे लागतात.

'नावीन्यपूर्ण' या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. योजनेच्या निकषांत तो शब्द असला, तरी जगात प्रथमच काही करावे अशी अपेक्षा त्यामागे सहसा नसते. दुरुस्तीच्या सार्वजनिक बैठकांची आजची पद्धत ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली सुरू झाली. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे अवजारे उसनी देणारे ग्रंथालय १९७९ पासून आहे. न्यू यॉर्क शहराचा सामुदायिक बागांना मदत करणारा कार्यक्रम १९७८ चा आहे. जुनी, तपासून पाहिलेली पद्धत तुमच्या वस्तीत नवी असणे पुरेसे ठरते आणि तिच्यातील कोणता भाग तुम्ही कोणत्या कारणासाठी बदलत आहात, एवढे लिहिले की नावीन्याचा निकष पुरा होतो. किंबहुना, दुसरीकडे चाललेल्या पद्धतीचा आधार दिल्याने जोखीम कमी असल्याचे दिसते आणि ते परीक्षकाला आवडते.

तिसरी पायरी: माणसे आणि नाव

व्यक्तीला अर्ज करता येतो की नोंदणीकृत संस्थाच लागते, हे नियमांत स्पष्ट असते. नोंदणी नसलेल्या गटाला बऱ्याच योजनांत एखादी नोंदणीकृत संस्था पाठीशी घेऊन अर्ज करण्याची मुभा असते. अशा वेळी पैसा त्या संस्थेच्या खात्यात येतो, म्हणून खर्चाचा निर्णय कोण घेणार, सही कोणाची चालणार आणि खरेदी केलेल्या वस्तूंची मालकी शेवटी कोणाकडे राहणार, हे आपसांत लेखी ठरवून घ्यावे. मैत्री आहे म्हणून हा कागद टाळला जातो आणि पुढे नेमका त्याच कारणासाठी मैत्रीला तडा जातो.

गटात किमान तीन कामे तीन वेगवेगळ्या व्यक्तींकडे असावीत: प्रशासनाशी पत्रव्यवहार, हिशेब आणि प्रत्यक्ष जागेवरचे काम. सर्व सूत्रे एकाच उत्साही व्यक्तीच्या हाती असलेला उपक्रम तिची बदली झाली किंवा ती आजारी पडली की थांबतो, हे छाननी करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

चौथी पायरी: जागा आणि परवानग्या

हरित उपक्रमांचे सर्वाधिक अर्ज येथे अडकतात, म्हणून या पायरीला भरपूर वेळ द्यावा.

जागा कोणाची आहे हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. रस्त्याकडेची पट्टी शहराची वाटते आणि कागदावर ती रेल्वेची, पाटबंधारे खात्याची, वीज कंपनीची किंवा खासगी मालकाची निघते. शहराचा निधी शहराच्या अधिकाराबाहेरील जागेवर सहसा खर्च करता येत नाही. जमिनीच्या अभिलेखातून मालकी तपासावी आणि मालक वेगळा असेल, तर त्याचे ना-हरकत पत्र अर्जाबरोबरच जोडावे. जागा शहराचीच असली, तरी ती कोणत्या विभागाच्या ताब्यात आहे हे विचारावे, कारण उद्यान विभागाने होकार दिलेल्या जागेवर रस्ते विभागाची रुंदीकरणाची योजना असू शकते.

त्यानंतर जमिनीच्या पोटात काय आहे ते पाहावे. जलवाहिनी, सांडपाण्याची नळी, गॅसची वाहिनी किंवा विजेची तार जेथून जाते, तेथे झाड लावण्यास परवानगी मिळत नाही आणि ते योग्यही आहे. अशा ठिकाणी उंच वाफ्यांतील लागवड हा पर्याय आधीपासून आराखड्यात दाखवला, तर नकाराऐवजी दुरुस्तीची सूचना येण्याची शक्यता वाढते. पूर्वी जेथे कारखाना, गॅरेज किंवा कचऱ्याचा ढीग होता, अशा जमिनीत शिसे व इतर जड धातू असू शकतात; तेथे खाण्याचा भाजीपाला लावायचा असेल, तर मातीची तपासणी करून घेणे आवश्यक आहे आणि त्या तपासणीचा खर्च अंदाजपत्रकात धरण्यास संकोच करू नये.

पाण्याची सोय ठरल्याशिवाय लागवडीचा अर्ज करू नये. नव्याने लावलेल्या झाडाला पहिली दोन-तीन वर्षे नियमित पाणी लागते आणि अनुदान बहुधा एका वर्षाचे असते, हा मेळ बसत नाही. छपरावरचे पावसाचे पाणी साठवण्याचा विचार असेल, तर गणित सोपे आहे: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटर छपरावर २० मिलिमीटर पाऊस पडल्यास कागदावर २००० लिटर पाणी येते; गळती, बाष्पीभवन आणि पहिल्या पावसाचे टाकून द्यावे लागणारे पाणी वजा करून त्याहून कमी धरावे. कोरड्या महिन्यांत मात्र ही टाकी रिकामी असणार आणि तेव्हाचे पाणी कोठून येईल, हे वेगळे लिहावे लागेल.

खतप्रकल्पाला शेजाऱ्यांची संमती हीच खरी परवानगी आहे. वास येईल, उंदीर येतील, ही त्यांची भीती निराधार नसते. कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) यांचे प्रमाण साधारण ३० ला १ असे राखले, म्हणजे स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात पुरेसा वाळलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा मिसळला, ढिगात हवा खेळती ठेवली आणि ओल पिळून काढलेल्या फडक्याइतकी राखली, तर दुर्गंधी सहसा येत नाही. हे तंत्र अर्जात लिहावे आणि शेजाऱ्यांना प्रत्यक्ष दाखवावे. पालापाचोळ्याचा पुरवठा वर्षभर कसा होईल, हा प्रश्नही त्याच वेळी सोडवावा, कारण ओला कचरा रोज येतो आणि पाने ठरावीक ऋतूतच गळतात.

पाचवी पायरी: अंदाजपत्रक

अर्जाचे बाकीचे भाग वाचण्याआधी अंदाजपत्रक उघडणारे परीक्षक पुष्कळ असतात. ही सवय रास्त आहे, कारण शब्दांत झाकलेली संदिग्धता आकड्यांत उघडी पडते. वर्णनात 'महिलांसाठी प्रशिक्षण' असे ठळकपणे लिहिलेले असते आणि अंदाजपत्रकात प्रशिक्षणाला एक पैसाही नसतो, किंवा वर्णनात कोठेही न आलेला कॅमेरा खरेदीच्या यादीत दिसतो.

प्रत्येक ओळीत वस्तू, नग, दर आणि एकूण रक्कम असावी. 'किरकोळ खर्च' या नावाखाली मोठी रक्कम टाकणे म्हणजे शंकेला आमंत्रण. दर स्वतःच्या अंदाजाने न लिहिता, मोठ्या खरेदीसाठी किमान दोन-तीन पुरवठादारांची लेखी दरपत्रके घ्यावीत; मंजुरीनंतर ती बहुधा मागितली जातातच. कर, वाहतूक, बसवण्याची मजुरी आणि विमा या चार गोष्टी नवखे अर्जदार नेहमी विसरतात. लोकांचा वावर असलेल्या उपक्रमात कोणाला इजा झाल्यास जबाबदारी कोणाची, हा प्रश्न करारात येतो आणि तेव्हा विम्याचा हप्ता खिशातून भरण्याची वेळ येऊ नये.

आपला वाटा दाखवताना प्रामाणिक राहावे. पंधरा स्वयंसेवक दर आठवड्याला चार तास देतील असे लिहिल्यास आठवड्याला ६० तास होतात आणि वर्षभरात ३००० हून अधिक. असा आकडा कागदावर भारदस्त दिसतो, परंतु शेवटी हजेरीपत्रक मागितले जाते. पंधरांपैकी नियमित येणारे पाच-सहाच असतात, हे गृहीत धरून हिशेब केला तर पुढे मान खाली घालावी लागत नाही. श्रमदानाचा ताशी दर योजनेने ठरवून दिला असेल, तर तोच वापरावा.

मागणीची रक्कम कमाल मर्यादेला टेकवण्याचा मोह टाळावा. काम जितक्यात होते तितकेच मागावे; मात्र भीतीपोटी कमीही मागू नये, कारण अर्धवट राहिलेल्या कामाची आठवण प्रशासनाकडे बराच काळ राहते.

अंदाजपत्रकाला एक जोडपत्र असावे, जे बहुतेक योजना मागत नाहीत: अनुदान संपल्यानंतरच्या दोन वर्षांचा देखभालखर्च. त्यात पाणी, वीज, मोडतोडीची दुरुस्ती, रोपांची पुनर्लागवड असे खर्च एका बाजूला आणि ते भागवण्याचे मार्ग दुसऱ्या बाजूला असावेत. खताची विक्री हा मार्ग पुष्कळांना सुचतो. पण कुजताना कचऱ्याचे वजन निम्म्याहून अधिक घटते, त्यामुळे ६०० किलोंतून ६०० किलो खत मिळेल असे कधीही लिहू नये. घरटी छोटी मासिक वर्गणी किंवा अवजारे वापरणाऱ्यांचे सभासदत्व हे मार्ग कमी आकर्षक असले, तरी अधिक भरवशाचे असतात. लोकार्पणाच्या समारंभासाठी देणगी देणारे सापडतात, तुटलेला नळ बदलण्यासाठी सापडत नाहीत, हे ध्यानात ठेवून हे जोडपत्र भरावे.

सहावी पायरी: अर्ज लिहिणे

वरील तयारी झाली असेल, तर लेखन हे तुलनेने सोपे काम आहे. निकषांची यादी समोर ठेवून प्रत्येक निकषाला अर्जात नेमके कोठे उत्तर दिले आहे, ते पेन्सिलीने खूण करून तपासावे. गुण निकषांनुसार दिले जातात, त्यामुळे निकषाबाहेरील सुंदर परिच्छेदाला शून्य गुण पडतात.

काय केले आणि त्याने काय बदलले, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. १२ कार्यशाळा घेतल्या, ५० रोपे लावली, हे काम झाले. दुसऱ्या वर्षाअखेर ५० पैकी ४० रोपे जिवंत आहेत, वस्तीतून कचरागाडीत जाणारा ओला कचरा महिन्याला ६०० किलोंवरून २०० वर आला, हा बदल झाला. बदलाची दोन किंवा तीनच मापे निवडावीत आणि प्रत्येकासमोर ते कोण, केव्हा, कसे मोजणार ते लिहावे. दहा मापे लिहिणाऱ्यांना पुढे एकही नीट मोजता येत नाही.

वेळापत्रक आखताना मंजुरीपासून पैसा हाती येईपर्यंतचा कालावधी मोकळा सोडावा. लागवड पावसाच्या तोंडावर व्हायला हवी आणि पैसा पाऊस सरल्यावर यावा, असे होऊ शकते. तेव्हा अशा स्थितीत कोणती कामे आधी आणि कोणती नंतर करता येतील, याचा पर्यायी क्रम द्यावा. जागेचा एक नकाशा, हाताने काढलेला असला तरी, मापांसह जोडावा. अखेरीस अर्ज या उपक्रमाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचायला द्यावा आणि 'हे लोक नेमके काय करणार आहेत' असे तिला विचारावे. तिला एका वाक्यात सांगता आले नाही, तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहावा. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संकेतस्थळ मंदावते, म्हणून दोन दिवस आधी अर्ज दाखल करून पोचपावती जपून ठेवावी.

सातवी पायरी: छाननी आणि निवड

निवडीची पद्धत योजनेगणिक बदलते. हेलसिंकीच्या सहभागी अंदाजपत्रकात रहिवाशांच्या सूचना शहरातील तज्ज्ञांबरोबर बसून मतदानाला ठेवता येतील अशा आराखड्यांत घडवल्या जातात आणि त्या वर्षी १२ वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलांपासून सर्वांना मत देता येते. व्हिएन्नाने २०२२ मध्ये तीन जिल्ह्यांत सुरू केलेल्या हवामानविषयक कार्यक्रमात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या रहिवाशांचे परीक्षक मंडळ निर्णय घेते. बॉस्टनने २०१४ साली १० लाख डॉलरचा विनियोग ठरवण्याचा अधिकार १२ ते २५ वयोगटातील तरुणांना दिला. तुमच्या योजनेत निर्णय अधिकाऱ्यांच्या समितीकडे असेल, तर तांत्रिक नेमकेपणा महत्त्वाचा ठरतो. मतदान असेल, तर दारोदार जाऊन उपक्रम समजावून सांगणे महत्त्वाचे ठरते. मतदानाचा एक दोष मान्य करायला हवा: संघटित आणि सुस्थित वस्त्यांना मते जमवणे सोपे जाते. ज्यांच्यासाठी उपक्रम आहे त्यांना मतदानाची नोंदणी कशी करायची हे बसून शिकवणे, हा यावरचा एक कष्टाचा पण उपयोगी उपाय आहे.

छाननीदरम्यान प्रशासनाकडून खुलासा मागवणारे पत्र आले, तर तो नकार समजू नये. दिलेल्या मुदतीत, मुद्देसूद आणि विचारले तेवढेच उत्तर द्यावे. दोन सारखे प्रस्ताव एकत्र करण्याची सूचना आली, तर आपले नाव मागे पडेल या विचाराने ती लगेच फेटाळू नये. जागा एकाची आणि माणसे दुसऱ्याची, अशी जोडी अनेकदा चांगली जमते.

अर्ज नामंजूर झाल्यास गुणपत्रक आणि कारणे लेखी मागावीत. निकष न समजल्यामुळे गेलेले गुण पुढच्या फेरीत परत मिळवता येतात, जागेमुळे आलेला नकार मात्र जागा बदलल्याशिवाय हटत नाही, म्हणून कारण नेमके कोणते हे कळणे आवश्यक आहे.

आठवी पायरी: मंजुरीनंतर

करारावर सही करण्यापूर्वी पैसा आगाऊ मिळणार, हप्त्याने मिळणार की आधी खर्च करून नंतर परतावा मिळणार, हे वाचून घ्यावे. परताव्याची पद्धत लहान गटांना जड जाते, कारण तोवरचा खर्च कोणाच्या तरी खिशातून होतो. अशा वेळी पुरवठादाराशी उधारीचा करार किंवा पाठीशी असलेल्या संस्थेकडून तात्पुरती उचल, यांची सोय आधी करावी.

उपक्रमासाठी बँकेत स्वतंत्र खाते असणे उत्तम. प्रत्येक पावतीवर ती कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाच्या कोणत्या ओळीत, येते ते त्याच दिवशी लिहावे; सहा महिन्यांनी फिकट झालेल्या पावत्यांचा गठ्ठा उलगडत बसणे ही शिक्षा कोणावर ओढवू नये. उष्णतेने छापलेल्या पावत्यांची अक्षरे काही महिन्यांत उडतात, म्हणून त्यांची छायाप्रत किंवा छायाचित्र लगेच काढावे. एका शीर्षातील शिल्लक दुसऱ्या शीर्षात वापरायची असेल, तर खर्चापूर्वी लेखी मान्यता घ्यावी. वाचलेल्या पैशातून कितीही उपयुक्त वस्तू आणली, तरी मान्यतेशिवाय केलेला खर्च लेखापरीक्षणात नामंजूर होतो आणि ती रक्कम परत करावी लागते.

कामात अडचण आली तर ती दडवू नये. रोपे जळाली, प्रशिक्षक सोडून गेला, शेजाऱ्यांनी तक्रार केली, हे संबंधित अधिकाऱ्याला वेळेवर कळवल्यास मुदतवाढ किंवा बदल मिळू शकतो. अंतिम अहवालात प्रथमच उघड झालेली अडचण मात्र गैरव्यवहारासारखी दिसते.

अंतिम अहवालात जमाखर्च, उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा मंजूर कामासाठीच वापरल्याचा दाखला), सुरुवातीच्या आणि शेवटच्या मोजमापांची तुलना, तसेच ठरावीक जागेवरून दर महिन्याला घेतलेली छायाचित्रे असावीत. जे साधले नाही तेही कारणांसह लिहावे. त्याबरोबर एक हस्तांतरणाची यादी तयार करावी: पाण्याचा मुख्य नळ कोठे आहे, किल्ल्या कोणाकडे आहेत, पालापाचोळा कोण आणून देतो, खताच्या पेट्यांचे झाकण तुटल्यास ते कोण दुरुस्त करते, वर्गणीची वही कोणाच्या घरी असते, विम्याची मुदत केव्हा संपते. या यादीची एक प्रत शहराच्या संबंधित विभागाला द्यावी, दुसरी गटाच्या फाइलीत लावावी आणि तिसरी, पावसाने भिजणार नाही अशा रीतीने, उपक्रमाच्या जागेवरच टांगावी.